बदली इंजिन बसवलं, तरी बोट फेरे पकडत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची

जुनं इंजिन थकलं म्हणून बदललं आणि नवं आल्यावर बोट उलट जड चालायला लागली. ही तक्रार इतक्या वेळा माझ्याकडे आली आहे की पहिलं वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न तयार असतात. मालकाची खात्री झालेली असते की इंजिनच खराब लागलं. बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं, पण त्याच्याभोवतीचं सगळं म्हणजे पाण्यातला पंखा (प्रोपेलर), गिअरचा रेशो, डिझेलची लाईन, एक्झॉस्ट आणि पाण्याचा मार्ग जुन्याच इंजिनच्या मापाचं राहिलेलं असतं. म्हणून इंजिन खोलायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

हे सगळं शाफ्ट आणि पंखा असलेल्या, बोटीच्या आत बसवलेल्या (इनबोर्ड) डिझेल इंजिनांसाठी आहे.

लक्षणं

- न्यूट्रलमध्ये इंजिन आरामात पूर्ण फेरे (मिनिटाला किती वेळा फिरतं तो आकडा, आरपीएम) घेतं. गिअर टाकून पूर्ण रेस दिली की पाटीवर ३००० लिहिलेलं असताना काटा २५००-२६०० च्या वर सरकत नाही.
- पूर्ण रेसला काळा धूर येतो आणि बोटीच्या मागच्या बाजूवर काजळी बसते.
- अर्ध्या रेसला तापमान जागेवर असतं, पाऊण रेसच्या पुढे हळूहळू चढत जातं.
- गिअरमध्ये ठराविक फेऱ्यांना तळापासून थरथर जाणवते, ग्लँडमधून (शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथल्या सीलमधून) नेहमीपेक्षा जास्त पाणी गळतं.
- किंवा अगदी उलट: फेरे झटकन भरतात, गव्हर्नर (फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) अडवतो, पण बोट काही पुढे जात नाही.

धुराचा रंग बघून ठेवा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा आत शिरणारं पाणी, यांपैकी एकाचा संशय घ्यायचा. ओल्या एक्झॉस्टला (ज्यात धुरात पाणी मिसळून बाहेर टाकतात) थंड हवेत वाफ दिसतेच, तिला धूर समजू नका.

याहून कामाचा प्रश्न म्हणजे हे पहिल्या दिवसापासून आहे की हळूहळू आलं? पहिल्या दिवसापासून असेल तर मापांचं गणित चुकलंय: पंखा, रेशो, एक्झॉस्टचा व्यास किंवा केबल. महिनाभर बोट झकास चालली आणि मग फेरे उतरत गेले असतील तर काहीतरी तुंबतंय: बुडावर वाढ, डिझेल फिल्टर, एक्झॉस्टचं मिक्सिंग एल्बो (धुरात पाणी मिसळतं तो वाक) किंवा हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने इंजिनमधलं गोडं पाणी थंड करणारा भाग). या एका प्रश्नाने अर्धी यादी गळते, आणि नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

आधी एक आकडा नीट मोजा

पाटीवर किंवा पुस्तिकेत इंजिनचे रेटेड फेरे दिलेले असतात. बोटीवर नेहमीचं वजन चढवा, टाक्या भरा, खोल आणि शांत पाणी बघा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. मग हळूहळू पूर्ण रेस देऊन दोन-तीन मिनिटं धरा. तापमान चढत गेलं तर लगेच रेस कमी करा. फेरे, तापमान, ऑइलचा दाब, धुराचा रंग आणि जीपीएसवरचा वेग लिहून घ्या. वेग जाताना आणि येताना असा दोन्ही दिशांना घ्या, म्हणजे प्रवाहाचा हिशेब निघून जातो. उथळ पाण्यात ही चाचणी घेऊ नका. तिथे बोटीला जास्त ओढ लागते आणि चांगलं इंजिनही दबलेलं वाटतं.

रिकाम्या बोटीवर मोजलेले फेरे कामाचे नाहीत. "धक्क्यावरून निघालो तेव्हा तीन हजार भरत होते" हे वाक्य मी ऐकून सोडून देतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*टॅकोमीटर खरं बोलतंय का.* बहुतेक डिझेल इंजिनांवर टॅकोमीटरला सिग्नल अल्टरनेटरकडून मिळतो. इंजिन बदललं की अल्टरनेटर बदलतो, पुलीचं माप बदलतं, पण डॅशबोर्डवरचा मीटर जुनाच राहतो आणि त्याचं सेटिंग कोणी बदलत नाही. मग प्रत्यक्षात ३००० फेरे असताना मीटर २५०० दाखवतो आणि लोक चांगला पंखा कापायला नेतात. क्रँकच्या पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने फेरे मोजा. पुढचे सगळे निष्कर्ष याच आकड्यावर उभे राहणार आहेत, म्हणून ही तपासणी पहिली.

*रेसची केबल पूर्ण येते का.* इंजिन बंद ठेवून वरचा लिव्हर पूर्ण पुढे ढकला आणि खाली डिझेलच्या पंपावरचा लिव्हर त्याच्या स्टॉपर स्क्रूला टेकतोय का ते डोळ्याने बघा. नव्या इंजिनच्या लिव्हरची लांबी वेगळी असते, त्यामुळे जुन्या केबलचा प्रवास अपुरा पडतो. गिअर टाकल्यावर इंजिन माउंटवर थोडं कलतं, तेव्हाही केबल खेचली जाते. याची खूण अशी की धूर अजिबात नसतो, इंजिन निवांत असतं, फक्त फेरे थांबलेले असतात. इंजिनला पुरेसं डिझेल मागितलंच जात नाही.

*बुड आणि पंखा.* बोट पाण्यात उभी राहून कामं चालली असतील तर मधल्या काळात बुडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसलेला असतो. पंख्याच्या पात्यांवर पातळ खडबडीत थर आला तरी पूर्ण फेऱ्यांत शे-दोनशेचा फरक पडू शकतो. पाती वाकली आहेत का, टोकं खाल्ली गेली आहेत का, शाफ्टला दोरी गुंडाळलेली आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या. पाण्याखाली उतरण्याआधी इंजिन बंद आणि चावी स्वतःच्या खिशात.

*इंजिनखोलीचं झाकण उघडून बघा.* पूर्ण रेसला बोट चालू असताना झाकण उघडा. फेरे वाढले आणि धूर कमी झाला तर इंजिनला हवा कमी पडतेय. २ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ३००० फेऱ्यांना मिनिटाला जवळपास ३ घनमीटर हवा ओढतं, आणि टर्बो असेल तर त्याहून बरीच जास्त. जुन्या संथ इंजिनसाठी ठेवलेली भोकं त्याला पुरत नाहीत. त्यात कोणीतरी आवाज कमी करायला खोलीला फोम लावलेला असतो आणि व्हेंट झाकलेला असतो. झाकण उघडताना पट्टे आणि फिरता शाफ्ट उघडे पडतात, म्हणून हे काम दोघांनी करायचं: एक सुकाणूवर, एक झाकणाशी.

थोडा खर्च, थोडा वेळ

*डिझेल.* टाकीचं झाकण सैल करून पुन्हा पूर्ण रेस द्या. फेरे सुधारले तर टाकीचा व्हेंट तुंबलाय आणि टाकीत पोकळी तयार होतेय. फरक पडला नाही तर दोन्ही फिल्टर बदला आणि पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळाची वाटी काचेच्या बाटलीत रिकामी करा. तळाशी पाणी आणि मध्ये काळपट चिकट थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत; फिल्टर कितीही बदला, टाकी धुतल्याशिवाय ते थांबणार नाही. बदली इंजिन आधुनिक कॉमन रेलचं (सामाईक नळीतून अतिदाबाने डिझेल देणारं) असेल तर असं डिझेल त्याला दाखवूसुद्धा नका.

मग माझी आवडती चाचणी. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनजवळ घट्ट बांधा, नव्या नळीने इंजिनच्या लिफ्ट पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला) जोडा, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, एअर काढा आणि बोट चालवून बघा. फेरे भरले तर दोष टाकीपासून इंजिनपर्यंतच्या मार्गात आहे: सैल क्लिप, टाकीतल्या पाइपची तुंबलेली जाळी, बारीक नळी किंवा झिजलेला कॉक. नाही भरले तर डिझेलचा विषय संपला. या चाचणीमुळे पुष्कळ नोझल आणि पंप विनाकारण खोलण्यापासून वाचतात.

*थंड करणारं पाणी.* फक्त जास्त लोडला तापत असेल तर पाणी येतंय पण कमी येतंय. स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) साफ करा आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक) काढून बघा. पातं तुटलेलं आढळलं तर तुटलेला तुकडा सापडेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. तो बहुतेक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसलेला असतो. एक्झॉस्टखाली बादली धरून ठराविक फेऱ्यांना मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. बदली इंजिन जास्त ताकदीचं असेल तर जुना सी-कॉक (बुडातून समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) आणि जुनी नळी त्याला अपुरी पडते. हीट एक्स्चेंजरऐवजी बुडाशी कूलिंगचे पाइप असतील तर तेच गणित तिथेही आहे: किलोवॅट वाढले की पाइपांचं क्षेत्रफळही वाढवावं लागतं.

गोड्या पाण्याच्या बाजूला एअर अडकणं हाही नव्या बसवणुकीचा नेहमीचा दोष. इंजिन मागे कललेलं असतं, त्यामुळे पुढच्या टोकाला हवेचा फुगा राहतो. सगळ्यात उंचावरचा प्लग सैल करून हवा काढा. हे मात्र इंजिन थंड असतानाच. गरम इंजिनचं झाकण उघडून चेहरा भाजून घेतलेली माणसं आहेत.

थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारी झडप) काढून टाकणं हा उपाय नाही. आणि इंजिन थेट खाऱ्या पाण्याने थंड होणारं असेल तर गोड्या पाण्याच्या इंजिनाचा जास्त तापमानाचा थर्मोस्टॅट त्यात घालू नका. खारं पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं की क्षार आतल्या वाटांवर बसायला लागतात.

*ऑइल किती आहे.* हे विचित्र वाटेल, पण इंजिन शाफ्टच्या कोनात कललेलं असताना डिपस्टिक खरं सांगत नाही. सपाट जमिनीसाठी खूण केलेली काठी कललेल्या इंजिनात एक तर कमी दाखवते किंवा जास्त. लोक खुणेपर्यंत भरतात, ऑइल जास्त होतं, क्रँक ते घुसळतो, ब्रीदरमधून ऑइल येतं आणि निळा धूर सुरू होतो. पूर्ण ऑइल काढा, पुस्तिकेतल्या मापाने लिटर मोजून भरा, थोडं थांबा आणि काठीवर नवी खूण करा.

एक्झॉस्ट

इथे लोक फार घाईने पुढे जातात. इंजिन जितका श्वास सोडू शकतं तितकाच घेऊ शकतं. जुन्या इंजिनची ५० मिलिमीटरची नळी नव्या इंजिनला, ज्याची पुस्तिका ७५ मागते, तशीच जोडलेली मी सतत बघतो. व्यासात दीडपट फरक, पण आतल्या क्षेत्रफळात सव्वादोनपट. फेरे दबतात, काळा धूर येतो, टर्बो लाल होतो, आणि सगळे पंख्याकडे बोट दाखवतात.

मागचा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मॅनिफोल्ड किंवा टर्बोनंतर, पण पाणी मिसळण्याआधी, एक्झॉस्टला प्लग असतो. तिथे धातूची लांब नळी जोडून पुढे पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाक करा आणि त्यात पाणी भरा. पूर्ण रेसला, लोडवर, दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत दर १० सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे १० मिलिबार दाब. पुस्तिकेत कमाल मर्यादा दिलेली असते. तिच्या वर गेला तर मिक्सिंग एल्बो उतरवा. जुनं असेल तर काजळी आणि गंजाने आतून बोटभर भोक राहिलेलं असतं. एल्बो स्वच्छ असेल तर नळीत हात घाला: जुन्या रबरी नळीचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं लोंबतं, बाहेरून काहीही कळत नाही.

मोजमाप घेताना आणखी एक गोष्ट बघा. पाणी मिसळण्याची जागा पाणरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल, साधारण १५० मिलिमीटरच्या आत, तर पाण्याच्या नळीत उंच वळण आणि त्यावर अँटी-सायफन व्हॉल्व्ह हवा. नाहीतर इंजिन बंद झाल्यावर समुद्राचं पाणी आपोआप ओढलं जाऊन सिलेंडरमध्ये पोचतं. बदली इंजिन जुन्यापेक्षा बुटकं असलं की एल्बो खाली येतं आणि हा धोका नव्याने तयार होतो.

इंजिन सुरू होत नसेल आणि वारंवार स्टार्टर मारायचा असेल तर सी-कॉक बंद करा. पंप पाणी ढकलत राहतो आणि ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा वायू नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे फिरतं. इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी कॉक उघडा. मध्येच काम थांबवलं आणि कॉक बंद राहिला तर इंजिनची चावी त्याच्या हँडलला अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी उघडायला विसरत नाही.

थरथर आणि शाफ्टची रांग

आधी न्यूट्रलमध्ये रेस द्या. तिथेही थरथरत असेल तर माउंट किंवा इंजिनचं जळण. नवं इंजिन हलकं असेल आणि खाली जुन्या वजनदार इंजिनचे कडक माउंट असतील तर थरथर सरळ तळात उतरते. फक्त गिअरमध्ये थरथरत असेल तर शाफ्ट, कपलिंग, बेअरिंग किंवा पंखा.

रांग, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत असणं, नेहमी बोट पाण्यात असताना तपासायची, तीही पाण्यात दोन-एक दिवस राहिल्यावर आणि टाक्या नेहमीसारख्या भरून. जमिनीवर टेकूंवर उभ्या बोटीचं बुड वेगळ्या आकारात असतं. कपलिंगचे बोल्ट काढा, शाफ्टचं वजन आधार देऊन उचला, दोन्ही तबकड्या जवळ आणा आणि फीलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. पुस्तिकेत वेगळं दिलं नसेल तर १०० मिलिमीटरच्या तबकडीला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नये. मग फक्त शाफ्टची तबकडी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट तबकडीबरोबर फिरली तर रांगेचा दोष नाही, शाफ्ट वाकलाय किंवा तबकडीच वाकडी आहे. इंजिन कितीही सरकवलं तरी ते सुटणार नाही.

मधली लवचीक रबरी कपलिंग रांगेची चूक झाकण्यासाठी नसते. आणि ती बसवल्यावर शाफ्ट इंजिनपासून विजेच्या दृष्टीने तुटतो, त्यामुळे इंजिनला जोडलेल्या झिंकचं (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्याचं) संरक्षण शाफ्टपर्यंत पोचत नाही. जोडपट्टी किंवा शाफ्टवर ब्रश द्या.

पंखा आणि रेशो

वरचं सगळं ठीक निघालं, मोजलेले फेरे खरे आहेत आणि तरीही इंजिन दबतंय, तर पंखा जास्त पाणी खातोय.

पंख्याला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३००० च्या जागी इंजिन २६०० ला अडत असेल तर त्याच पंख्याने ३००० गाठायला त्याला तिथल्यापेक्षा दीडपट ताकद लागली असती. ती त्याच्याकडे नाही. गव्हर्नरला मात्र फेरे कमी दिसतात, म्हणून तो पूर्ण डिझेल ढकलत राहतो. हवा त्या कमी फेऱ्यांइतकीच, डिझेल पूर्ण: हाच तो काळा धूर. व्हॉल्व्ह, पिस्टन, टर्बो सगळं जास्त तापतं. "मी पूर्ण रेस देतच नाही, मग काय बिघडलं?" असं विचारणारे खूप आहेत. बिघडतं, कारण मधल्या फेऱ्यांवरही हा पंखा इंजिनकडून ठरल्यापेक्षा जास्त काम मागतो.

आता बदली इंजिनातली नेहमीची गोम. जुनं इंजिन १८०० फेऱ्यांचं, गिअर २:१, म्हणजे पंखा ९०० फेऱ्यांनी फिरत होता. नवं इंजिन ३००० फेऱ्यांचं, तितक्याच ताकदीचं, आणि पैसे वाचवायला जुना गिअरबॉक्स ठेवला. पंखा १५०० फेऱ्यांना फिरवायचा म्हटलं तर आधीच्या साडेचारपटीहून जास्त ताकद हवी. तो जुना मोठा पंखा तसाच वापरायचा तर रेशो साधारण ३.३:१ हवा. एवढा बदल पंखा कापून भरून निघत नाही, आणि लहान पंखा वेगाने फिरवून जड बोट ढकलणं डिझेलच्या दृष्टीने तोट्याचंच. गिअर बदला. मोठा पंखा हळू फिरलेला जड बोटीला नेहमी चांगला.

फरक थोडा असेल तर पंख्याच्या कारखान्यात पिच (पात्यांचा पीळ, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते माप) एक-दोन इंचांनी कमी करून मिळते किंवा व्यास थोडा उतरवता येतो. नवा पंखा मोठ्या व्यासाचा घ्यायचा असेल तर पात्याचं टोक आणि बुड यांत व्यासाच्या साधारण १५ टक्के जागा सुटायला हवी, नाहीतर प्रत्येक पातं जाताना बुडावर थाप मारतं. ध्येय एवढंच: पूर्ण वजनाने, पूर्ण रेसला, रेटेड फेरे किंवा त्याहून किंचित जास्त.

फिरण्याची दिशाही याच टप्प्यावर बघायची. पुढचा गिअर टाकून बोट मागे जात असेल तर केबल उलटी जोडून मोकळे होऊ नका. काही गिअरबॉक्स दोन्ही दिशांना कायम लोड घेतात, काहींचा मागचा गिअर फक्त थोड्या वेळासाठी असतो, आणि काहींचा रेशो दोन दिशांना वेगळा असतो. गिअरबॉक्सची पुस्तिका काय म्हणते ते वाचा. नाही म्हणत असेल तर उलट्या हाताचा पंखा घ्या.

इंजिन अजून घ्यायचं असेल तर

मग नशीबवान आहात, वरचं सगळं कागदावर सोडवता येईल. जुनं इंजिन उतरवण्याआधी त्याचे पूर्ण रेसचे फेरे, वेग, गिअरच्या पाटीवरचा रेशो आणि पंख्याचा व्यास व पिच लिहून ठेवा. जुनं इंजिन खरंच संपलंय का हेही याच तपासण्यांतून कळतं; तुंबलेल्या एल्बोसाठी इंजिन विकणारे लोक मी पाहिलेत.

ताकद किती घ्यायची? पाण्याला कापत जाणाऱ्या जड बोटीच्या वेगाला तिच्या पाणरेषेच्या लांबीची मर्यादा असते: फुटातल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. ९ मीटरच्या पाणरेषेला सुमारे ७.३ नॉट. तिथे दुप्पट अश्वशक्ती घातली तर लाट मोठी होते आणि डिझेल जातं. वेगात पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत धावणाऱ्या बोटींचं गणित वेगळं, तिथे वजन सगळं ठरवतं.

नुसता अश्वशक्तीचा आकडा बघू नका, तो कोणत्या वापरासाठी दिलाय ते बघा. एकच ब्लॉक हौशी वापरासाठी जास्त आणि सतत चालणाऱ्या कामासाठी कमी ताकदीला विकला जातो. दिवसभर जाळं ओढणाऱ्या बोटीत हौशी रेटिंगचं इंजिन घातलं तर ते लवकर संपणारच. ट्रॅक्टर, ट्रक किंवा जनरेटरचं इंजिन स्वस्तात मिळतं, पण पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, कलत्या बसवणुकीला चालणारा सम्प (तळाची ऑइलची टाकी), सगळं जमवेपर्यंत स्वस्ताई उरत नाही. पेट्रोल इंजिनच्या बाबतीत तर गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर वापरणं सरळ जिवावरचं आहे. बंद खोलीत साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना, ते ब्लॉकला हात लावून बघा. थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून बरंच कळतं. ऑइल दुधट नको, कूलंटवर तेलाचा तवंग नको, ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफेचा जोर नको. कॉम्प्रेशन मोजून घ्या. सिलेंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर किंमत कितीही गोड असली तरी मागे फिरा. १३० किलोवॅटच्या वरच्या डिझेल इंजिनांना जहाजांच्या प्रदूषणावरच्या मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टातल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादा लागू होतात आणि जुन्यासारखंच नसलेलं बदली इंजिन तिथे मोठा फेरबदल मानलं जातं, त्यामुळे प्रमाणपत्र आधी बघा. नोंदणी आणि विम्यातही इंजिनचा नंबर बदलावा लागतो.

जागेसाठी प्लायवुडचा सांगाडा करा: माउंटची रुंदी, सम्पची खोली, शाफ्टची उंची. तो इंजिनखोलीत उतरवून बघा. इम्पेलर, फिल्टर आणि डिपस्टिक कोणत्या बाजूला येतात आणि तिथे हात पोचतो का, हे त्याच दिवशी कळलं पाहिजे.

जुनं इंजिन बाहेर असताना शाफ्ट काढा, सरळ आहे का तपासा, बेअरिंग आणि ग्लँडचं पॅकिंग बदला, टाकी धुवा, सगळ्या नळ्या नव्या घाला. ही जागा पुन्हा इतकी मोकळी मिळत नाही. बरेच दिवस पडून असलेलं इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका, नोझल काढून बघा. व्हॉल्व्हचं अंतर, नवा इम्पेलर, नवे पट्टे, नवं ऑइल. पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारत ऑइलचा दाब येऊ द्या. जमिनीवर चालवून बघायचं असेल तर इंजिनला बादलीतून पाणी ओढू द्या, नळाची दाबाची नळी थेट पंपाला जोडू नका. इंजिन बंद असताना तेच पाणी एक्झॉस्ट भरून टाकतं.

सुरुवातीचे तास इंजिन न्यूट्रलमध्ये घुटमळत ठेवू नका. लोड द्या, फेरे बदलत राहा. पहिलं ऑइल बहुतेक उत्पादक ५० तासांच्या आसपास बदलायला सांगतात. त्याच वेळी माउंट बसलेले असतात, तेव्हा रांग पुन्हा मोजा.

कुठे थांबायचं

खालचं काही दिसलं तर हत्यारं ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

- डिपस्टिकवर दुधट ऑइल, किंवा स्टार्टर मारल्यावर इंजिन एकदम अडून ठक्क आवाज. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पुढचा प्रत्येक प्रयत्न कनेक्टिंग रॉड वाकवतो. खारं पाणी आत शिरलेलं इंजिन त्याच दिवशी हाताळलं तरच वाचतं.
- ऑइलचा दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली.
- कॉम्प्रेशन कमी, किंवा गरम झाल्यावरही निळा धूर चालूच.
- कॉमन रेलची डिझेल लाईन. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. सूक्ष्म फवारा कातडीतून आत शिरतो. गळती बोटाने चाचपणं सोडाच, नटही सैल करू नका.
- इंजेक्शन पंपाचं सील तोडून डिझेल वाढवायचा मोह. काळ्या धुराला त्याने आणखी धूर मिळतो, आणि वॉरंटी जाते.
- वाकलेला शाफ्ट, सैल स्टर्न ट्यूब (शाफ्ट बुडातून ज्या नळीतून जातो ती), किंवा इंजिनच्या बैठकीत चीर. हे बोट बांधणाऱ्याचं काम आहे.
- रेशो आणि पंखा दोन्ही बदलायची वेळ. बोटीचं वजन, पाणरेषा, रेटेड फेरे आणि तुमच्या चाचणीचे आकडे घेऊन पंख्याचं माप काढणाऱ्याकडे जा. अंदाजाने दोन पंखे विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

येणाऱ्याला चाचणीची वही द्या आणि काय काय तपासून झालं ते क्रमाने सांगा, म्हणजे तो फिल्टरपासून पुन्हा सुरुवात करणार नाही. तोवर बोट काढावीच लागली तर वजन कमी घ्या आणि धूर दिसायला लागतो त्याच्या बऱ्याच खाली रेस ठेवा.